मेडिकल कॉलेजात वेलनेस ग्रुप सुरू करायचाय? आधी टाइमटेबल काढा

कॉलेजात वेलनेस म्हटलं की साधारण काय होतं ते सगळ्यांना माहितीये. ऑडिटोरियममध्ये 2 तासांचं लेक्चर, बाहेरून बोलावलेले पाहुणे, डीप ब्रीदिंगची एक स्लाइड आणि शेवटी अटेंडन्स. मागच्या चार रांगांमधली पोरं उद्याच्या व्हायवाच्या नोट्स मांडीवर ठेवून वाचत असतात. कोणाचा हेतू वाईट नसतो, पण ज्याच्याकडे मुळात वेळच नाही त्याचेच 2 तास काढून घ्यायचे आणि वर त्याला ताण कसा कमी करायचा ते शिकवायचं, हा प्रकार जरा गमतीशीरच आहे ना. तुम्ही सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी असाल, स्टुडंट कौन्सिलमध्ये असाल किंवा चार मित्र मिळून काहीतरी करू असं डोक्यात असेल तर हे तुमच्यासाठी.

आधी डीनना पटवावं लागतं, त्यामुळे तिथूनच सुरू करू. हात हलवत जाऊ नका. 2016 साली जामा या जर्नलमध्ये 43 देशांमधल्या मेडिकल स्टुडंट्सवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आलाय, त्यात डिप्रेशन किंवा डिप्रेशनची लक्षणं असणारे 27.2 टक्के, आत्महत्येचे विचार येणारे 11.1 टक्के, आणि स्क्रीनिंगमध्ये डिप्रेशन दिसलेल्यांपैकी उपचार घेतलेले फक्त 15.7 टक्के. बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवरचे आहेत, पक्कं डायग्नोसिस नव्हे, आणि हे तुम्ही स्वतःच आधी सांगून टाका, कारण नाहीतर समोरचे प्रोफेसर पहिला प्रश्न तोच विचारणार. पण माझ्या मते खरा आकडा शेवटचा आहे. डॉक्टर होणारी पोरंच डॉक्टरकडे जात नाहीत. दुसरा कागद जिनिव्हा डिक्लेरेशनचा, म्हणजे जगभरातले डॉक्टर घेतात ती शपथ. 2017 मध्ये वर्ल्ड मेडिकल असोसिएशनने त्यात डॉक्टरने स्वतःच्या तब्येतीकडेही लक्ष द्यावं असं कलम घातलंय. शपथेतच आहे म्हटल्यावर नाही म्हणणं अवघड जातं.

आता सर्व्हे. सगळ्यांना वाटतं मोठा फॉर्म केला की भारी डेटा मिळेल. नाही मिळत, 40 प्रश्नांचा फॉर्म कोणी भरत नाही आणि भरला तरी डोळे मिटून भरतात. तीन प्रश्न पुरे: आठवड्यात तुम्हाला नक्की मोकळा वेळ कधी असतो, त्या वेळात काय असेल तर तुम्ही याल, आणि कॉलेजातली कोणती एक गोष्ट बदलली तर जरा बरं वाटेल. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करायची सेटिंग बंद आहे ना ते दोनदा बघा. आणि वर्ष, होस्टेल, जेंडर असं सगळं एकत्र विचारू नका, छोट्या बॅचमध्ये तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो आणि मग कोणीच खरं लिहीत नाही.

अजून एक, हे जरा सिरीयसली घ्या. उत्साहाच्या भरात कोणीतरी म्हणतंच की आपण पीएचक्यू-9 (डिप्रेशन तपासायची 9 प्रश्नांची प्रश्नावली) पण टाकू फॉर्ममध्ये. नका टाकू. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री 2 वाजता कोणीतरी तिथे ‘जवळपास रोज’ वर टिक करून सबमिट केलं, आणि फॉर्म निनावी, तर तुम्ही त्या माणसापर्यंत पोचणार कसे? ज्या उत्तरावर तुम्ही काही करू शकत नाही तो प्रश्न विचारायचाच नाही. स्क्रीनिंग करायचं असेल तर ते काउन्सेलरने करावं, तेही पॉझिटिव्ह आल्यावर पुढे काय करायचं ते ठरवून.

सर्व्हे झाला की सगळ्या वर्षांची टाइमटेबलं प्रिंट काढून शेजारी शेजारी लावा. इंटर्नल्स, प्रॅक्टिकल, वॉर्ड पोस्टिंग, इमर्जन्सी ड्यूटी सगळं लाल पेनाने खोडा. जे पांढरं उरेल तेवढंच तुमचं. बहुतेक वेळा उरतं फार थोडं, आणि तिथेच गंमत कळते. समजा पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला मिळून फक्त बुधवारी साडेपाचनंतरचा वेळ कॉमन आहे, आणि जिमखाना बंद होतो 5 वाजता. म्हणजे टेबल टेनिसचं टेबल आहे, रॅकेट आहेत, कॅरम आहे, सगळं कपाटात व्यवस्थित आहे, फक्त किल्ली ज्यांच्याकडे आहे ते घरी गेलेत. अशा वेळी पाहुणे बोलावून लेक्चर ठेवण्यापेक्षा किल्ली साडेसातपर्यंत वॉचमनकडे ठेवायचं एका पानाचं पत्र मंजूर करून घेतलंत तर वर्षभराचं काम झालं. मी तर म्हणेन पहिल्या महिन्यात अशी एकच किल्ली मिळवा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

अॅक्टिव्हिटी कोणत्या ठेवायच्या याची लिस्ट देत बसत नाही, ते तुमच्या पोरांनाच विचारा. चालणं, गाणं, चित्रं, फुटबॉल, नुसत्या गप्पा, काहीही. फक्त दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच जागी, आणि 4 जण आले तरी होणार म्हणजे होणार. वर्षातून एकदा 3 दिवसांचं फेस्टिवल दणक्यात होतं, मजा येते, पण ते ऑर्गनाइज करणाऱ्या 20 जणांची त्या महिन्यात झोपच उडालेली असते.

आणि कृपा करून कॉम्पिटिशन ठेवू नका. मेडिकलची पोरं कशाचीही रँक लिस्ट करतात. स्टेप काउंट चॅलेंज ठेवलं की तिसऱ्या दिवशी कोणीतरी रात्री 11 वाजता होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतंय लीडरबोर्डसाठी. व्यायामाचं साधं माप सांगायचं असेल तर मोठ्यांसाठी डब्ल्यूएचओची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, भरभर चालणं त्यात येतं, कॉलेज ते होस्टेल पायी गेलात तरी त्यातला बराचसा हिशोब जमतो.

फॅकल्टीपैकी कोणी म्हणालं की हे सगळं ठीक आहे पण अभ्यासक्रमाचा त्याच्याशी काय संबंध, तर अमेरिकेतल्या सेंट लुइस युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलचं उदाहरण द्या. त्यांनी योगा क्लास लावून हात झटकले नाहीत. सुरुवातीच्या वर्षांचं ग्रेडिंग पास-फेल केलं, लेक्चरचे तास साधारण 10 टक्क्यांनी कमी केले, आवडीच्या विषयांना वेळ दिला, छोटे लर्निंग ग्रुप केले, आणि त्यानंतरच्या बॅचेसमध्ये डिप्रेशन आणि अँग्झायटीची लक्षणं कमी दिसली, हे 2014 मध्ये पब्लिश झालंय. विद्यार्थी म्हणून ग्रेडिंग तुमच्या हातात नाही मान्य, पण सलग 3 इंटर्नल्स एकाच आठवड्यात नकोत, नाइट ड्यूटीनंतर सकाळच्या लेक्चरची अटेंडन्स धरू नका, एवढ्या दोन मागण्या सर्व्हेच्या आकड्यांसकट मांडता येतात आणि त्या मान्य होऊही शकतात.

बडी ग्रुप, म्हणजे एकमेकांची विचारपूस करणारा छोटा ग्रुप, करायचा असेल तर एकाच बॅचचा करू नका. सगळ्या वर्षांतले मिळून 6 ते 8 जण घ्या. पहिल्या मीटिंगला गोल करून बसवून ‘तुम्हाला आत्ता काय वाटतंय’ असं विचारलंत तर सगळे चपलांकडे बघत बसतील. त्यापेक्षा कोणतं जाडजूड पुस्तक विकत घेऊ नये, कोणत्या पोस्टिंगला जेवायला वेळ मिळत नाही, पहिल्यांदा डिसेक्शन हॉलमध्ये गेल्यावर कोणाला गरगरलं, असल्या गप्पा काढा, बाकीचं आपोआप येतं. पण एक भान ठेवा, सीनियर-ज्युनियर म्हटलं की सत्ता आलीच. ज्युनियरला रात्री रूमवर बोलवायचं नाही, कामं सांगायची नाहीत, आणि कारण न देता ग्रुप बदलायची मुभा पाहिजे. हे लिहून ठेवा, तोंडी नको.

क्लिनिकल वर्षांमधल्या पोरांना बुधवारचा जिमखाना काही उपयोगाचा नाही, त्यांचं वेगळं. त्यांच्यासाठी वॉर्डातल्या वॉर्डात 10 मिनिटं काढावी लागतात. आपण हिस्टरी घेतलेला पेशंट पहिल्यांदा दगावतो तेव्हा राउंड तसाच पुढच्या बेडवर सरकतो आणि पोरगं तिथेच उभं असतं फाइल हातात घेऊन. एखाद्या बऱ्या रेसिडेंट डॉक्टरला आधीच सांगून ठेवा, राउंड संपला की त्या पोराला बाजूला घ्या, काय झालं ते साध्या शब्दात सांगा, त्याच्या डोक्यात काय अडकलंय ते विचारा आणि काहीतरी खायला पाठवा. एवढंच. नियमित काही हवं असेल तर बालिंट ग्रुप नावाचा जुना प्रकार आहे, मायकेल बालिंट आणि एनिड बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांसाठी सुरू केलेला, त्यात एकजण केस सांगतो आणि बाकीचे डायग्नोसिसवर अजिबात बोलत नाहीत, डॉक्टर आणि पेशंट यांच्यात काय चाललंय त्यावर बोलतात. ट्रेनिंग घेतलेला माणूस मिळाला तरच करा.

झोपेबद्दल भाषण देणार नाही, सगळ्यांनी फिजिऑलॉजी वाचलंय. रात्री 8 ला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण 1 वाजता अंगात असतंच, हाफ लाइफ जवळपास 5 तासांची आहे, तेवढं लक्षात ठेवा. परीक्षेच्या काळात लायब्ररी रात्रभर उघडी ठेवणं हा वेलनेस उपक्रम म्हणून खपवू नका हेही. आणि नाइट करून आल्यावर गाडी स्वतः चालवत जाऊ नका, कोणाला तरी सोडायला सांगा नाहीतर ड्यूटी रूममध्ये आधी झोप काढा. कोण कोणाला सोडणार याची ड्यूटी रोस्टरला जोडून लिस्ट केलीत तर फारच उत्तम.

आता कोणीतरी खरंच अडचणीत असेल तर. जो नेहमी पुढे बसायचा तो 3 आठवडे प्रॅक्टिकललाच नाही, मेसेजला फक्त अंगठा, खोलीचा दिवा दिवसभर बंद. तेव्हा ग्रुपवर ‘स्टे स्ट्राँग’ टाकू नका. जा, दार वाजवा, बसा. ‘अरे बरेच दिवस दिसला नाहीस, जेवलास का’ इथून सुरुवात करा, आणि तो ‘काही नाही रे, आता कंटाळा आलाय सगळ्याचाच’ म्हणाला तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘मरून जावं असं येतं का मनात?’ विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जातो ही भीती खोटी आहे, उलट बरेचदा कोणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू आणि औषधं जवळ राहू देऊ नका, आणि लगेच, त्याच्याबरोबर, काउन्सेलरकडे किंवा कॅज्युअल्टीत जा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन आधी देऊन बसू नका, ते पाळता येत नाही. आणि तुम्ही त्याचे मित्र आहात, ट्रीटिंग डॉक्टर नाही, सायकियाट्रीची पोस्टिंग कितीही छान झालेली असली तरी.

काउन्सेलर कोण आहे यावर वाद घालायची तयारी ठेवा. सायकियाट्रीतले जे सर फायनलला तुमची व्हायवा घेणार तेच काउन्सेलर असतील तर तिकडे कोण जाईल? परीक्षेशी संबंध नसलेला माणूस पाहिजे, त्याच्या नोंदी कॉलेजच्या फाइलपासून वेगळ्या पाहिजेत, आणि हे दोन्ही नोटिस बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं पाहिजे. खोली डीन ऑफिससमोर असेल तर ती हलवून घ्या, तिथून आत जाताना सगळं कॉलेज बघतं.

शेवटचं काम सगळे विसरतात ते म्हणजे हँडओव्हर. फायनल इयरच्या हातात ग्रुप असेल तर ते इंटर्नशिपला लागले की ग्रुप बंद पडतो, म्हणून लीडर दुसऱ्या वर्षातला ठेवा आणि सीनियर फक्त सल्ल्याला. एका साध्या वहीत लिहून ठेवा: कोणती परवानगी कोणाकडून मिळाली, किल्ली कोणाकडे असते, काउन्सेलरच्या वेळा काय, कोणत्या अॅक्टिव्हिटीला कोणीच आलं नाही. ज्याला सलग 2 महिने कोणी आलं नाही ते बिनधास्त बंद करा, आणि नवीन बॅच आली की तेच तीन प्रश्न परत विचारा, कारण त्यांचं टाइमटेबल वेगळं असणार.