खारीचे केस कसे गोळा करावेत

इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियात आमच्या घरामागच्या रानात अजून तांबड्या खारी आहेत. त्यामुळे करडी खार दिसली की पहिला प्रश्न हाच, ही आली कुठून? करडी मूळची अमेरिकेची. १८७६ मध्ये इंग्लंडमधल्या चेशरच्या हेन्बरी पार्कात सोडली. १८९० मध्ये न्यू जर्सीहून दहा इंग्लंडमधल्याच वोबर्न या जहागिरीत आणल्या आणि तिथल्या ड्यूकने पुढे इतरांना भेट दिल्या. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या करड्या खारींचा डीएनए तपासला, तर जवळचं नातं निघालं थेट दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या खारींशी. एवढा पल्ला खार आपल्या पायांनी गाठत नाही, कुणाच्या तरी गाडीतून जाते. हे शोधायला केस लागतात, आणि तेही मुळासकट.

सांडपाण्याच्या प्लास्टिक पाइपचा फूटभर तुकडा घ्या. खार अंग घासत जाईल इतकाच रुंद. दोन्ही तोंडांजवळ आत, छताला, लाकडी ठोकळीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा. पाइप हात पोचेल अशा आडव्या फांदीला तारेने बांधा, जरासा उतरता, म्हणजे पाणी साचत नाही. आत हेझलनट आणि सूर्यफुलाच्या बिया. शेंगदाणेही चालतात, पण ते रानात पोचेपर्यंत माझ्याच तोंडात जातात.

आठवड्याने हातमोजे घालून ठोकळी काढा. केस बोटांनी ओढू नका. भिंगाखाली केसाच्या टोकाला पांढुरका गड्डा दिसला, तर तेच मूळ. डीएनए मिळण्याची खरी आशा तिथे. पट्टी कागदी पाकिटात, कोरडी. वर तारीख, जागा, पाइपचा नंबर, सगळं पेन्सिलीने, कारण इथल्या पावसात शाई टिकत नाही. पहिल्या वर्षी मी प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या. आत दमटपणा धरला, बुरशी आली, अकरा नमुने गेले.

खार कोणती, हे घरीही कळतं. मूळ कापून बाजूला ठेवा, उरलेला केस मेथिलीन ब्लू या निळ्या रंगात रंगवा आणि मायक्रोस्कोपखाली धरा. तांबडीच्या केसाला लांबीभर खाच असते, तिच्यात रंग बसून निळी रेघ उमटते. करडीच्या केसात ती नसते.

पाइप एका रानातून दुसऱ्या रानात नेण्याआधी जंतुनाशकाने धुवाच. करडीच्या अंगात खारींच्या देवीचा विषाणू असू शकतो. तिला त्याचं काही होत नाही, तांबडी मात्र दोनेक आठवड्यांत मरते. माझ्या गाडीत म्हणूनच दोन पोती असतात, धुतलेल्यांचं वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं.