पाइपची शँक तुटली तर जोडायची कशी

तंबाखू ओढायचा ब्रायरच्या लाकडाचा पाइप शँकमधून, म्हणजे तंबाखूच्या वाटीपासून (बाऊल) निघणाऱ्या लाकडी मानेतून तुटला की बरेच जण आधी फेविक्विक शोधतात, आणि तिथेच घोळ होतो. तो जोड झटका सहन करत नाही, राख झटकताना किंवा स्टेम (तोंडात धरायचा भाग) फिरवताना परत तिथेच तुटतो. खरं तर नुसत्या डिंकावर शँक टिकतच नाही, आतून नळी नाहीतर बाहेरून रिंग, काहीतरी आधार हवाच.

आधी बघा तुटलंय कुठे. स्टेमचं टेनन, म्हणजे टोकाची खुंटी, शँकच्या ज्या भोकात बसतं तिथे तुटलं असेल तर आत नळी घालून चालणार नाही, टेनन बसायचंच नाही, मग रिंग. त्याच्या पुढे बाऊलकडे, जिथे फक्त धुराचं बारीक भोक आहे, तिथे तुटलं असेल तर नळी.

तुटलेल्या तोंडांना पॉलिश पेपर अजिबात लावू नका! ब्रायर म्हणजे झाडाच्या मुळाजवळची गाठ, रेशे वेडेवाकडे, त्यामुळे तुटताना जे बारीक दाते पडतात ते एकाच पद्धतीने एकमेकांत बसतात, हलकं दाबून फिरवलं की कळतं. ते घासलेत तर जोडाची रेघ कायमची दिसणार. फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून काळा चिकटा निघेपर्यंत पुसा आणि दिवसभर वाळू द्या, तेलकट लाकडाला डिंक धरत नाही.

नळी स्टेनलेसची घ्या, पितळ चालतं पण ओलीने हिरवं पडतं. धुराचं भोक साधारण 4 मिमी असेल तर नळी बाहेरून 5 आणि आतून 4 मिमीची. दोन्ही तुकड्यांत 5 मिमीचं ड्रिलचं बिट हातानेच फिरवत 8-10 मिमी आत जा, मशीन लावलंत तर बिट सरकतं आणि शँकची भिंत फुटते. नळीला बाहेरून पॉलिश पेपर मारा (इथे मारायचा!), मग अ‍ॅरल्डाइट, पाच मिनिटांवालं नाही, हळू सुकणारं. व्हॅसलीन लावलेला पाइप क्लीनर (पाइप साफ करायची लवदार तार) भोकातून आरपार घालून ठेवा आणि मधूनमधून फिरवत राहा, नाहीतर डिंकाने धुराची वाटच बंद होईल. दाबून धरायला जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या बेस्ट, बाऊलवरून शँकच्या टोकापर्यंत ताणून बांधा, बाहेर आलेला डिंक लगेच पुसा, मग 24 तास जोडाला हात लावू नका.

रिंगवाल्या केसमध्ये आधी तसंच चिकटवून घ्या, आणि मग सोनाराकडून चांदीची रिंग करून आणा, काठीच्या शेंबीसारखी, मापाला किंचित घट्ट. जराशी कोमट करून सरकवली की थंड झाल्यावर आवळून बसते. शँकला नुसती केसासारखी चीर असेल तर तिच्या टोकाशी 1 मिमीहून बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, आणि इथे मात्र पातळ फेविक्विक चालेल, कारण ते चिरेत आपोआप शिरतं, पण रिंग तरीही टाकाच.

आणि पाइप गरम असताना स्टेम ओढून काढू नका, शँक जायचं नेहमीचं कारण तेच.