अंगणात आणि नदीकाठी काय पाहाल, कसं पाहाल

आधी जागा ठरवा. अंगणात एक, नदीकाठी एक, आणि दर वेळी तिथेच बसा. पाठीशी झाड किंवा भिंत असावी, म्हणजे तुमची आकृती उठून दिसत नाही. ऊनही पाठीवरच घ्या. सूर्य समोर असला की प्रत्येक पक्षी काळाच.

मग वीसेक मिनिटं हलू नका. सुरुवातीला काहीच घडत नाही, कारण तुम्ही आलात हे सगळ्यांना कळलेलं असतं. बहुतेक जण नेमके तेव्हाच कंटाळून उठतात. थांबलात तर खारीचं चिरकणं थांबतं, झुडपातला शिंपी पक्षी बाहेर येतो.

दुर्बीण मिळाली तर 8x42 घ्या (8 पट मोठं दिसतं, भिंग 42 मिलिमीटरचं). पक्ष्यावरची नजर न काढता ती डोळ्यांशी न्या. पण खरं काम वहीचं. नाव माहीत नसलं तरी अडत नाही. ‘राखाडी-पांढरा, पाण्याकडेनं तुरुतुरु पळतो, शेपटी सारखी वरखाली’ एवढं लिहिलंत की धोबी पक्षी घरी पुस्तकात सापडतो. वेळ आणि संख्याही टिपा. 1998पासून दर फेब्रुवारीत होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये निदान 15 मिनिटं पक्षी मोजून कुणालाही भाग घेता येतो.

नदीकाठी नजर खालीही हवी. चिखलातल्या ठशात नखं उमटली असतील तर बहुधा कुत्रा. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, माप कळतं. लव्हाळ्याला चिकटलेली पोकळ, तपकिरी कात चतुराची असू शकते. त्याचं बालपण पाण्यात जातं. बसताना चतुर पंख पसरून बसतो, टाचणी (चतुराचीच बारीक अंगाची भावंडं) बहुतेकदा मिटून. ढोकरी (बगळ्याची एक जात) बसल्या जागी मातीत मिसळून जाते, उडाली की एकदम पांढरीशुभ्र! पंख पसरून बसलेला पाणकावळा ते वाळवत असतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीखाली पांढरे ओघळ दिसले तर वर लक्ष ठेवा, खंड्या ठरलेल्या बैठकीवर परत येतो.

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर आल्या पावली मागे फिरा. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात, खड्यांसारखीच दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाहीत.

पाणी चढत असेल त्या दिवशी नदी नको. अंगणातली एखादी कुंडी काठीनं कलती करा, खालची गोम आणि गोगलगाय पाहा, आणि कुंडी होती तशी ठेवा.