हेमकुंडला एका दिवसात जाऊन यायचंय? मग या चुका टाळा

हेमकुंड म्हणजे उत्तराखंडमधला उंचावरच्या तळ्याकाठचा शीख गुरुद्वारा, आणि घांघरिया हे त्याच्या खालचं मुक्कामाचं गाव. जुलै-ऑगस्टमध्ये घांघरियाच्या गल्लीत संध्याकाळी नुसतं उभं राहा, दर दोन मिनिटाला मराठी कानावर पडतं. पुण्याचे, ठाण्याचे, नाशिकचे ग्रुपच्या ग्रुप आलेले असतात, बहुतेक सगळे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड असं जोडून करायला. आणि त्यातले निम्मे तरी एकच वाक्य बोलत असतात, "कळसूबाई भर पावसात केलंय, हे तर फक्त सहा किलोमीटर." पहिली चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच हिच्यातूनच येतात.

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. घांघरिया स्वतःच दहा हजार फुटांवर आहे आणि हेमकुंडचं तळं १४ हजारांच्या वर. म्हणजे सहा किलोमीटरमध्ये चार हजार फुटांहून जास्त चढ, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही खालच्या ६० टक्केच मिळतो. पाय कितीही तयार असू देत, फुप्फुसं आणि डोकं मुंबईहून तीन दिवसांपूर्वीच आलेलं असतं ना.

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात फिट मुलगा, दर रविवारी सिंहगड पळत चढणारा, तो सगळ्यांच्या पुढे सुसाट निघाला आणि शेवटच्या पायऱ्यांवर आम्हाला बसलेला सापडला, ओठ निळसर, कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलेलं, पाणी दिलं तर ओकला. आणि साठीच्या एक काकू काठी टेकत, दर पन्नास पावलांना थांबत, कुणाशी स्पर्धा न करता आरामात वर पोचल्या होत्या. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर तुमचा स्पीड जास्त आहे.

दुसरी चूक प्लॅनमधली. गाडीरस्ता जिथे संपतो त्या पुलन्यावरून साधारण दहा किलोमीटर चढून घांघरियाला पोचायचं आणि लगेच दुसऱ्या दिवशी हेमकुंड, असं बरेच जण करतात कारण सुट्ट्या कमी असतात. त्यापेक्षा आधी व्हॅली करा, तिथली उंची घांघरियापेक्षा थोडीच जास्त, दिवसभर त्या उंचीवर फिरून रात्री परत खाली झोपायला येता, शरीराला सवय लागते, आणि मग तिसऱ्या दिवशी हेमकुंड. दिवस तेवढेच लागतात हो, फक्त क्रम बदलायचा. आणि एक दिवस मोकळा ठेवाच, पावसाळ्यात बद्रीनाथ हायवेवर दरड कोसळली की तुमचं फ्लाइट कुणी थांबवत नाही.

उशिरा निघणं ही तिसरी. वर रात्री राहायला परवानगी नाही, दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली पाठवतात, आणि अकरा-बाराला धुकं भरून आलं की समोरचं तळंही दिसत नाही. पहाटे पाच-साडेपाचला निघालात तर दहापर्यंत निवांत पोचता. पोटभर पराठे हाणून निघू नका, थोडं खा, वाटेत गूळ, चिक्की, खजूर चालू ठेवा, आणि तहान नसली तरी पाण्याचे घोट घेत राहा.

आता डोकं दुखायलाच लागलं तर काय? आधी थांबा. बसा, पाणी प्या, अर्धा तास बघा. दुखणं थांबलं तर हळूहळू पुढे. पण डोकेदुखी वाढतेय, मळमळतंय, तर वर जायचंच नाही, आणि पेनकिलर घेऊन ते दाबून वर जाणं म्हणजे धोक्याची घंटा काढून फेकण्यासारखं आहे. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतोय, असंबद्ध बोलतोय किंवा बसल्या जागीही धाप लागतेय, तर एक मिनिट न घालवता खाली, सोबत कुणीतरी हवंच. खाली उतरणं हाच खरा उपाय. उंचीचा त्रास टाळायची गोळी डायमॉक्स घ्यायची असेल तर घरून निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नक्की सांगा.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट नको, भिजले की वाळत नाहीत आणि वर थंडीने दात वाजतात. बूट नवेकोरे नकोत. आणि जास्तीचे मोज्यांचे दोन जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्याच. गुरुद्वाऱ्यात बूट काढून जायचं असतं, फरशी बर्फासारखी असते, आणि ओल्या मोज्यांत तिथे उभं राहिलं की पाच मिनिटांत बोटं बधिर होतात. डोकं झाकायला रुमालही हवा. लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा मिळतो, स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून बसा, त्या वाफेने नाकाचा शेंडा परत जिवंत होतो, खरंच सांगतो त्यापेक्षा भारी चहा मी प्यायलो नाहीये.

तळ्यात डुबकी मारायची असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं बसून श्वास जागेवर येऊ दे. बीपी किंवा हार्टचा त्रास असणाऱ्यांनी नुसतं पाणी डोक्याला लावावं, श्रद्धा तेवढीच पोचते. आणि ऑगस्टमध्ये वाटेवर ब्रह्मकमळं दिसतात, प्लीज तोडू नका, फोटोही वाटेवरूनच घ्या.

रस्त्यावर खेचरं सतत येत-जात असतात. खेचर आलं की नेहमी डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही, त्याच्या पाठीवरच्या ओझ्याचा एक धक्का पुरतो. वर पोचायच्या आधी हजाराच्या वर दगडी पायऱ्यांचा शॉर्टकट लागतो, चढताना दम असेल तर घ्या, पण उतरताना फिरत जाणारी खेचरांचीच वाट धरा. पायऱ्या ओल्या असतात, त्यात गुडघे आधीच थकलेले, आणि आमच्या दोघांचे पाय मुरगळले ते उतरतानाच, चढताना एकाचाही नाही. काठी घांघरियात मिळते, घेऊनच निघा.

खाली आलात की लगेच आडवे पडू नका. ओले कपडे बदला, गरम सूप प्या, गुडघ्यांना थोडं तेल चोळा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, कारण सकाळी पुलन्यापर्यंत परत ते दहा किलोमीटर उतरायचेत.