चौदा दिवसांचा पगार आणि महिन्याचा हप्ता

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत दर चौदा दिवसांनी पगार होत असेल, तर बँकेच्या कर्जाचा हप्ता पगारातच अर्धा करून टाका. महिन्याचा हप्ता 6,000 असेल तर प्रत्येक पगारातले 3,000 त्याच दिवशी हप्त्याच्या खात्यात टाका. किराणा, गॅस त्यानंतर. वर्षात असे 26 पगार होतात, म्हणजे साठतात 78,000 आणि बारा हप्त्यांना लागतात 72,000. ज्या दोन महिन्यांत तिसरा पगार येतो, तिथून हे 6,000 निघतात. ते मुद्दलात भरा आणि मुद्दलातच वळते करा असं बँकेला लेखी द्या, नाहीतर पुढच्या हप्त्यात धरले जाऊ शकतात.

घरात सावकाराचं देणं असेल तर मात्र हे पैसे आधी तिकडे. ‘शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते दरमहा असतं, म्हणजे वर्षाला 36 टक्के! 50,000 वर महिन्याला 1,500 नुसतं व्याज जातं, मुद्दल जागच्या जागी. पेरणीच्या किंवा लग्नाच्या घाईत घेतलेले असे पैसे घर पोखरतात, म्हणून त्यांची फेड पहिली. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या, ती देणं परवानाधारक सावकाराला बंधनकारक आहे. सावकार विनापरवाना असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात लेखी तक्रार करता येते.