सीओपीडीच्या पेशंटला चालायला लावताय? या चुका टाळा

आमच्या अण्णांनी 30 वर्षं यंत्रमागावर काढली, आता सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. डॉक्टर म्हणाले रोज चालायचं, म्हणून घरचे सगळे मागं लागलो, चला की ओ अण्णा, पण ते चार दिवस जायचे आणि पाचव्या दिवशी नको म्हणायचे. आम्हाला वाटायचं आळस करतायत. हीच मोठी चूक, आम्ही माणसाला दोष दिला आणि रस्ता बघितलाच नाही.

रस्ता कसला, तर आमच्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या कडेनं, ट्रक, टेम्पो, धूळ. लंडनमध्ये सीओपीडीच्या पेशंटना 2 तास गर्दीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि दुसऱ्या वेळी हाईड पार्कमध्ये चालवून बघितलं होतं, 2017 च्या शेवटी ते लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलं. रस्त्यावर खोकला, कफ, दम जास्त, आणि चालण्याचा फुफ्फुसाला व्हायचा फायदा बराचसा गेला. म्हणून आतली गल्ली धरा, नाहीतर सिद्धेश्वर तलावाकडं न्या, फक्त जानेवारीतल्या गड्डा जत्रेच्या दिवसांत शेजारच्या होम मैदानाची धूळ असते तेव्हा तिकडं नको.

वेळेचं पण तसंच. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ऊन 42 च्या वर जातं, तेव्हा सकाळी लवकर बरं. पण थंडीत पहाटे धूर खालीच साचतो, त्यात कुणीतरी कचरा पेटवलेला असतो, तेव्हा जरा ऊन वर आल्यावर निघा.

बसायला जागा नसेल तर माणूस लांब जायला घाबरतो, रस्त्यात दम लागला तर काय, ही भीती खरी असते. आधी तुम्ही एकदा चालून या, कुठं कट्टा आहे, कुठं चढ आहे ते बघून ठेवा.

आणि एकट्याला नुसतं चालायला पाठवू नका, सोबत द्या किंवा काहीतरी काम द्या. स्पेनमध्ये कॅटलोनियात पेशंटचा अभ्यास झाला, त्यात घराजवळ बाग असण्यानं चालण्यात फरक दिसला नाही, पण नातवंडं सांभाळणारे आणि कुत्रा फिरवणारे जास्त चालत होते! आम्ही नातीला शाळेतून आणायचं काम अण्णांना दिलं, तेव्हापासून मागं लागावं लागत नाही.

पंप, म्हणजे तोंडानं ओढायचं श्वासाचं औषध, घरी विसरून जाऊ नका, निघायच्या 15 मिनिटं आधी घ्यायचा का ते डॉक्टरला विचारा. दम लागला तर थांबून पुढं वाकायचं, हात गुडघ्यावर, नाकानं श्वास आत आणि शिट्टीसारखे ओठ करून दुप्पट वेळ बाहेर. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळसर दिसले तर चालणं तिथंच बंद, रिक्षा करून सरळ दवाखाना.