परफॉर्मन्स इंजिनला कंपनीचं फ्युएल इंजेक्शन ठेवायचं की बाहेरचं बसवायचं: पुण्यातल्या नवीन मुलामुलींसाठी माझा अनुभव

कॉलेजांच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये (म्हणजे स्वतः छोटी रेसिंग कार बनवून स्पर्धेत उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टीममध्ये) नवीन भरती झाली की इंजिनवाली मुलं हमखास विचारतात, दादा कंपनीचाच ईसीयू ठेवू का स्टँडअलोन घेऊ? ईसीयू म्हणजे पेट्रोल किती द्यायचं आणि स्पार्क कधी पाडायचा ते ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि स्टँडअलोन म्हणजे त्याच्या जागी बसवायचा, आपणच सेट करायचा बाहेरचा ईसीयू. मी पण अशाच टीममधून आलोय, आता पुण्यातच इंजिन कॅलिब्रेशनचं, म्हणजे ईसीयूमधले आकडे इंजिनाला जुळवायचं काम करतो, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो कारण याचं उत्तर शोधता शोधता अर्धं इंजिन शिकून होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हा निर्णय एका घासात घेऊ नका. इंजेक्शन म्हणजे पंप, रेग्युलेटर, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, सेन्सर, वायरिंग आणि ईसीयू, आणि यातला प्रत्येक भाग वेगळा ठरवता येतो. माझं मत स्पष्ट आहे, पंप-इंजेक्टर-सेन्सर शक्य तितके कंपनीचे ठेवायचे, ईसीयू लागलाच तर तेवढा बाहेरचा, आणि तोही स्टॉक, म्हणजे कंपनीच्या, ईसीयूवर इंजिन चालवून डेटा लॉग केल्यावरच.

उदाहरण आपल्या चाकणमधल्या इंजिनाचंच घेऊ. केटीएम ड्यूक ३९० ही बाइक इथे २०१३ साली आली, ३७३ सीसी, सिंगल सिलिंडर, बोअर-स्ट्रोक ८९ बाय ६० मिमी, कॉम्प्रेशन १२.६, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच टीमचं हे लाडकं इंजिन. त्यावरचं बॉशचं इंजेक्शन उत्तम आहे. थंडीत सकाळी एका बटणात चालू होतं, ट्रॅफिकमध्ये तापलं तरी आयडल हलत नाही, घाट चढताना त्रास नाही. यामागे इंजिनिअर्सची कितीतरी महिन्यांची मेहनत असते आणि ती तुम्हाला फुकट मिळतेय, हे आधी नीट समजून घ्या.

मग बदलायचं कशाला? तर कंपनीचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं याची ईसीयूमधली टेबलं, हा कंपनीच्या एअरबॉक्स आणि सायलेन्सरसाठी केलेला असतो. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात पेट्रोलच्या टर्बो नसलेल्या गाडीला थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे थ्रॉटल आणि इंजिनच्या मध्ये, २० मिमीचा रेस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारं अरुंद भोक, लागतो. या भोकातून समुद्रसपाटीला सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम हवा जाते, त्याच्या वर कितीही ओढा जात नाही. ३९० ला ९००० आरपीएमला सरासरी ३० ग्रॅमच्या आसपासच हवा लागते त्यामुळे वाटतं की काही फरक पडणार नाही, पण सिंगल सिलिंडर ही हवा सलग घेत नाही, चार स्ट्रोकमधल्या साधारण एकाच स्ट्रोकमध्ये ओढून घेतो, म्हणजे त्या क्षणाला मागणी चौपट होते आणि रेस्ट्रिक्टर चोक होतो. म्हणून रेस्ट्रिक्टर आणि इंजिनच्या मध्ये प्लेनम, म्हणजे हवा साठवणारा डबा, लागतो. आता बऱ्याच बाइकचा ईसीयू थ्रॉटल जास्त उघडला की मुख्यतः थ्रॉटलचा अँगल आणि आरपीएम बघून पेट्रोल ठरवतो, याला अल्फा-एन म्हणतात. थ्रॉटल पूर्ण उघडलाय म्हणजे भरपूर हवा आली असं तो समजतो, आणि हवा तर रेस्ट्रिक्टरने अडवलीय, मग वरच्या आरपीएमला इंजिन रिच जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो, आणि पोरं म्हणतात इंजिनात दम नाही.

हे किती रिच आहे ते वाइडबँड, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा, सेन्सर लावल्याशिवाय कळत नाही. बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याचा कंट्रोलर ही पहिली खरेदी, ईसीयूच्या आधी. लॅम्बडा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रत्यक्ष प्रमाण भागिले पूर्ण जळायला लागणारं प्रमाण, १ च्या खाली रिच, वर लीन. फुल थ्रॉटलला लॅम्बडा ०.८६ ते ०.९० च्या पट्ट्यात असेल तर स्टॉक मॅप तुमचं काम करतोय, मग त्या वर्षी वजन, सस्पेन्शन, ड्रायव्हर प्रॅक्टिस यावर वेळ घाला. लॅम्बडा ०.७५ दाखवतोय आणि स्टॉक ईसीयू लॉक असल्यामुळे मॅप हलवता येत नाही, तर मग बाहेरच्या ईसीयूला खरं कारण आहे. लॅम्बडातच बोलायची सवय लावा, कारण आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं आणि एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हा जुना आकडा त्याला लागू होत नाही, तो साडेतेराच्या आसपास येतो, लॅम्बडा १ मात्र १ च राहतो.

इंजेक्टर मोठा घ्यायची घाई पण नको, आधी कागदावर हिशोब करा. ३२ किलोवॅट पॉवर धरा, दर किलोवॅट-तासाला ३०० ग्रॅम पेट्रोल धरा, मिनिटाला १६० ग्रॅम म्हणजे साधारण २१५ सीसी झाले, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही असं धरलं तर २७० सीसीचा पुरतो. रेस्ट्रिक्टर लावून पॉवर कमीच होणार आहे, मग पाचशेचा इंजेक्टर कशाला? मोठा इंजेक्टर आयडलला इतका कमी वेळ उघडतो की प्रत्येक फवारा सारखा पडत नाही, इंजिन अडखळतं.

आता स्टँडअलोन. यात मेगास्क्वर्ट, आर्डुइनो मेगावर चालणारा आणि खिशाला परवडणारा स्पीडुइनो, आणि बजेट असेल तर हॅलटेक, लिंक, मोटेक. ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही, कारण कुठलाही घेतला तरी खरं काम तुमचंच आहे आणि ते टेबल भरण्याच्या आधी सुरू होतं. पहिलं क्रँक सेन्सर, म्हणजे क्रँकशाफ्ट कुठल्या अँगलला आहे ते ईसीयूला सांगणारा. बऱ्याच बाइकवर व्हीआर पिकअप, म्हणजे चुंबक-कॉइलचा सेन्सर, असतो, त्याचा सिग्नल आरपीएमबरोबर वाढतो, त्याच्या दोन वायरी उलट्या लागल्या किंवा शिल्डिंग न करता इग्निशन कॉइलजवळून नेल्या की ईसीयूचा हिशोब चुकतो आणि स्पार्क भलत्याच वेळी पडतो. म्हणून टायमिंग लाइट लावून टायमिंग जुळवल्याशिवाय एकही टेबल उघडायचं नाही. दुसरं इंजेक्टरचा डेड टाइम, म्हणजे करंट दिल्यापासून तो खरा उघडेपर्यंतचा वेळ, साधारण १ मिलीसेकंद, आणि बॅटरी उतरली की तो वाढतो. स्टार्टर मारताना व्होल्टेज १० वर येतं, ही दुरुस्ती भरली नसेल तर नेमकं तेव्हाच पेट्रोल कमी पडतं आणि सगळे म्हणतात ईसीयू खराब आहे. तिसरं कोल्ड स्टार्ट, जे डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, होतच नाही, इंजिन रात्रभर थंड करून सकाळी एकदा ट्राय करायचं, मग परत दुसऱ्या दिवशी, याला शॉर्टकट नाही. जानेवारीत पुण्यात पहाटे १०-१२ डिग्री असतं, त्याचा फायदा घ्या.

उंचीचं पण लक्षात ठेवा. पुणे साधारण ५६० मीटरवर, हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. बुद्ध रेसिंग सर्किटचं ग्रेटर नोएडा २०० मीटरवर, तिकडे हवा दाबाने चारेक टक्के जास्त. इथे अल्फा-एनवर जुळवलेली गाडी बॅरोमेट्रिक करेक्शनशिवाय, म्हणजे हवेच्या दाबाप्रमाणे पेट्रोल न बदलता, तिकडे नेली तर तेवढी लीन जाईल, पेट्रोल कमी पडेल. कंपनीच्या ईसीयूमध्ये हे सगळं आधीच धरलेलं असतं.

थ्रॉटल बॉडीबद्दल एवढंच की २०१७ पासूनच्या ३९० ला राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी मोटरने उघडणारा थ्रॉटल, आहे आणि स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला वेगळे कडक सेफ्टी नियम आहेत, पहिल्याच वर्षी केबलवालं जुनं इंजिन बरं.

रस्त्यावरच्या बाइकचं गणित वेगळं. तिथे स्टँडअलोनचा विचारच करू नका. बीएस६ गाडीचं इमिशन बिघडतं, वॉरंटी जाते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालत नाहीत. पॉवरट्रॉनिकसारखे पिगीबॅक बॉक्स मिळतात, ते कंपनीच्या ईसीयूच्या सिग्नलमध्ये फेरफार करतात, ट्रॅक डेला ठीक, पण शिकायला त्यात फार काही नाही.

जुनी गोष्ट, पण सांगण्यासारखी. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० ला फ्युएल इंजेक्शन दिलं आणि २००९ मध्ये तीच बाइक कार्बोरेटरवर आणली, किंमत कमी आणि पॉवर उलट किंचित जास्त. आपल्या आकुर्डीच्या कंपनीने हे केलंय, म्हणजे भारी पार्ट लावला की भारी इंजिन होतं असं नाही.

आता करिअरचं. कोथरूडला टेकडीवर एआरएआय ही गाड्या-इंजिनांची चाचणी करणारी संस्था आहे, चाकण-पिंपरीत बाइक-गाड्यांच्या कंपन्या, हिंजवडीत कॅलिब्रेशनची कामं करणाऱ्या टीम, सगळं तासाभराच्या अंतरावर. तिथे इन्का, कॅनॅप असली कॅलिब्रेशनची सॉफ्टवेअर टूल्स वापरतात, ती कॉलेजात हाताला लागली नाहीत तरी बिघडत नाही, जॉइन झाल्यावर शिकवतात. फ्रेशरला आम्ही विचारतो ते असं की टेबलच्या या सेलमध्ये ही व्हॅल्यू का टाकली, इंजिन गरम असताना आणि थंड असताना काय फरक दिसला, लॅम्बडा एकदम लीन झाला तर आधी काय तपासशील? स्टॉक ईसीयूवरचे लॉग आणि नंतर स्टँडअलोनवरचे लॉग एकाच ग्राफवर लावून दाखवणारी मुलगी किंवा मुलगा समोर आला की गप्पा तासभर चालतात. त्यामुळे प्रत्येक रनची फाइल तारीख, तापमान, हवेचा दाब आणि कोणतं पेट्रोल होतं ते लिहून जपून ठेवा, आणि मॅप बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदला.